खरेदी चोख, पहारा ढिला

चेन्नईच्या अण्णा नगरात सेकंड अव्हेन्यूवरून सायंकाळी फेरफटका मारला, तर दर शंभर पावलांवर एखादे औषधांचे दुकान, रक्ततपासणी केंद्र किंवा दवाखाना लागतो. १९६८ मध्ये येथे मोठा व्यापार मेळा भरला होता आणि त्या सुमारास उभारलेला विश्वेश्वरय्या मनोरा आजही उद्यानात उभा आहे. पुढे गृहनिर्माण मंडळाने वसवलेली ही वसाहत मध्यमवर्गीयांची झाली, आणि मध्यमवर्गाच्या मागोमाग वैद्यकीय व्यवसाय आला. जवळच रेल्वेचा इंटिग्रल कोच कारखाना असल्याने नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या परिसरात आढळतात.

अशाच एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याच्या घरी मुक्काम होता. गृहस्थ मूळचे नागपूरचे. औषधांचा विषय निघताच त्यांनी टेबलावर गोळ्यांच्या दोन पट्ट्या ठेवल्या. एक त्यांची स्वतःची, दुकानातून आणलेली. दुसरी घरकामाच्या बाईंना सरकारी रुग्णालयात फुकट मिळालेली. तिच्यावर तमिळनाडू सरकारचा पुरवठा असल्याचा आणि विक्रीस मनाई असल्याचा शिक्का होता. दोन्ही पट्ट्यांत औषध तेच. ‘‘माझी पट्टी महाग आहे, पण खात्रीची कोणती म्हणाल तर तिची,’’ असे ते म्हणाले. उद्गार अतिशयोक्त वाटेल, परंतु त्यामागे तीन दशकांचा प्रशासकीय इतिहास आहे आणि महाराष्ट्राच्या राज्यकर्त्यांनी तो मुळापासून वाचावा असा आहे.

तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची स्थापना १९९४ सालची. त्याआधी सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी तेथेही इतर राज्यांसारखीच चाले. खरेदी विखुरलेली, पुरवठादार ठरलेले, साठा कधी सडलेला तर कधी गायब. महामंडळाने एकदम क्रांतिकारक असे काही केले नाही. औषधांची मर्यादित यादी केली आणि खरेदी मूळ नावाने, म्हणजे कंपनीच्या छापाशिवाय, सुरू केली. निविदा दोन लिफाफ्यांत मागवल्या. आधी पुरवठादाराची पात्रता पाहायची, मगच दराचा लिफाफा फोडायचा. जिल्हावार गोदामे बांधली. प्रत्येक रुग्णालयाला बँकेसारखे पासबुक दिले आणि त्यातील रकमेच्या मर्यादेत आपल्या गरजेचे औषध उचलण्याची मुभा दिली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीचे नाव झाकून प्रयोगशाळेकडे जाऊ लागला. कोणाचे औषध तपासतो आहोत हे तपासणाऱ्याला कळू द्यायचे नाही, ही एवढीशी युक्ती. चाचणीत उतरलेला मालच वाटपाला जातो आणि नापास ठरणाऱ्या कंपनीला काळ्या यादीचे भय असते.

या व्यवस्थेत व्यापारी हितसंबंध नाहीसे झाले नाहीत. कंपन्यांना नफा हवाच असतो आणि तो त्यांना मिळतोही. फरक इतकाच की, नफा कमावण्याचा मार्ग अधिकाऱ्याच्या दालनातून न जाता गोदामाच्या दारातून जातो. द्रमुक आणि अण्णाद्रमुक यांनी एकमेकांच्या किती योजना मोडीत काढल्या याची गणती नाही, पण या महामंडळाला कोणी हात लावला नाही. केरळ आणि राजस्थान यांनी पुढे हाच नमुना उचलला.

महाराष्ट्राने मात्र बराच काळ घालवला. २०१७ मध्ये राज्याने औषधखरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे सोपवली. लसनिर्मितीचा वारसा असलेल्या संस्थेच्या गळ्यात खरेदीचे जोखड पडले आणि विलंबाच्या तक्रारी वाढत गेल्या. अखेर २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले आणि औषधटंचाईचा प्रश्न राज्यभर गाजला. टंचाई नसल्याचा खुलासा सरकारने केला. त्या मृत्यूंची कारणे अनेक असतील, परंतु निकडीच्या वेळी रुग्णालये स्थानिक पातळीवर, मिळेल तेथून औषध घेतात, हे वास्तव कोणत्याही खुलाशाने झाकले जात नाही. अशा वाटेनेच काय येते ते नागपूर ग्रामीण पोलिसांच्या २०२४ मधील आरोपपत्रात दिसले. कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातील प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हते. हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत टाल्कम पावडर आणि स्टार्च यांपासून त्या तयार झाल्या होत्या, असा तपास यंत्रणेचा दावा आहे. हा प्रकार उजेडात आणला तो एका औषध निरीक्षकाने, नेहमीच्या तपासणीत नमुना घेऊन. माणूस नेमला आणि त्याने काम केले की यंत्रणा चालते, याचा हा पुरावाच.

येथवर वाचून तमिळनाडूचे प्रगतिपुस्तक लाल शेऱ्याविना पूर्ण झाले, असे कोणी समजेल. तसे नाही. अण्णा नगरपासून बंगळुरूच्या रस्त्याने तासा-दीड तासावर, कांचीपुरम जिल्ह्यातील सुंगुवारछत्रम येथे स्रेसन फार्मास्युटिकल्स नावाचा एक लहान कारखाना होता. तेथे तयार झालेले ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचे सिरप २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, प्रामुख्याने परासिया भागात, मुलांना दिले गेले. मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. छिंदवाड्याच्या माणसाला मोठे रुग्णालय म्हणजे नागपूर, त्यामुळे आईबापांनी मुलांना घेऊन नागपूर गाठले. वीसहून अधिक बालके गेली आणि त्यातल्या अनेकांचा शेवट नागपुरात झाला. ‘‘अहो, विष इथं आमच्या शेजारी तयार झालं आणि पोरं आमच्या गावात जाऊन मेली,’’ हे यजमानांचे वाक्य ऐकल्यावर टेबलावरच्या दोन पट्ट्यांचा अर्थ उलगडला.

मध्य प्रदेशातून विचारणा आल्यावर तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाने दोन-तीन दिवसांत कारखान्यातील नमुना तपासला. त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. त्याची अनुमत मर्यादा ०.१ टक्का आहे. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य मंत्रालय, तोवर तपासलेल्या नमुन्यांत हा दोष आढळला नसल्याचे निवेदन काढत होते. तेव्हा तमिळनाडूच्या विभागाची तत्परता मान्य केली पाहिजे. पण ज्या राज्यात दोन दिवसांत विष ओळखणारी प्रयोगशाळा आहे, त्या राज्यात ते विष बाटलीत भरले जाईपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडू नये, याला काय म्हणावे? नंतर झालेल्या पाहणीत कारखान्यात साडेतीनशेहून अधिक त्रुटी नोंदवल्या गेल्या. २०२४ आणि २०२५ मध्ये तेथे तपासणीच झाली नव्हती, म्हणून दोन वरिष्ठ औषध निरीक्षक निलंबित झाले. कारखान्याचा परवाना रद्द झाला. औषधी दर्जाचे नसलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल चेन्नईच्या बाजारातून घेतल्याचे तपासात पुढे आले.

या रसायनाचा व्यवहार समजून घेतला की पुढचे बरेचसे कळते. सिरपात औषध विरघळवण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन लागते. डायएथिलीन ग्लायकॉल हे त्यांच्यासारखेच दिसते, गोडसर लागते आणि स्वस्त असते. औद्योगिक दर्जाचा कच्चा माल घेतला आणि चाचणीचा खर्च वाचवला की किलोमागे काही रुपये हाती उरतात. एवढ्याच रुपयांसाठी अमेरिकेत १९३७ मध्ये शंभराहून अधिक माणसे मेली आणि पुढच्या वर्षी तेथे कडक कायदा झाला. आपल्याकडे याच मद्रासमध्ये १९७२ साली १४ मुले याच रसायनाने दगावली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने पुरवठादारापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि तेथून मंत्रालयापर्यंतचा सारा माग काढला. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. त्यावेळी महाविद्यालयात असलेल्या आमच्या पिढीला लेंटिन अहवाल हा प्रशासनाच्या अभ्यासाचा पहिला धडा होता. १९९८ मध्ये गुडगाव, २०१९-२० मध्ये जम्मूतील रामनगर, २०२२ मध्ये भारतातून निर्यात झालेल्या सिरपमुळे गाम्बिया, आणि आता छिंदवाडा. दर वेळी मरणारी बहुतेक मुलेच.

मग संसदेने काय केले? डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील सशक्त औषध प्राधिकरण सुचवले. समितीने रोगाचे नेमके निदान केले होते. औषधनिर्मितीचा परवाना राज्य देते, पण औषध देशभर विकले जाते. कारखान्यामुळे मिळणारा रोजगार, कर आणि स्थानिक पुढाऱ्याशी असलेला स्नेह एका राज्यात राहतो, मृत्यू मात्र दुसऱ्या राज्यात होतात. कांचीपुरमच्या निरीक्षकाला छिंदवाड्याचा मतदार कधी जाब विचारू शकत नाही. २००८ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त औषधाने मृत्यू घडवणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आली, हे खरे. प्राधिकरणाचे विधेयक मात्र २००७ मध्ये राज्यसभेत आले आणि अडकले. २०१३ मध्ये नव्या रूपात पुन्हा आले, ते २०१६ मध्ये मागे घेण्यात आले. राज्यांना आपला परवाना-अधिकार सोडायचा नव्हता आणि लहान उत्पादकांना दिल्लीचा निरीक्षक नको होता. दोघांचे हित एकाच ठिकाणी जुळले.

अर्थात, दिल्लीचा निरीक्षक म्हणजे शुद्ध सोने, असेही नाही. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने मे २०१२ मधील आपल्या ५९व्या अहवालात केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेची लक्तरे वेशीवर टांगली होती. औषधांना मंजुरी देण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची म्हणून जी पत्रे आली, त्यातील काहींची भाषा शब्दशः सारखी होती. पत्रे डॉक्टरांची, लेखणी कंपनीची, असा समितीचा संशय होता.

त्यानंतरचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरवरून गदारोळ चालू असताना जनविश्वास विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाले. उद्योगसुलभतेसाठी ४२ कायद्यांतील तरतुदी सौम्य करणारे हे विधेयक. त्यात औषध कायद्यातील कलम २७(ड) होते. दर्जाहीन औषधाच्या ज्या प्रकरणांना हे कलम लागते, ती आता दंड भरून मिटवता येतात. मृत्यूस कारण ठरणाऱ्या भेसळीला ही सवलत नाही, असे सरकारने सांगितले आणि कायद्याच्या शब्दांत ते बरोबर आहे. परंतु ज्या कारखान्याचे औषध पाच वेळा दर्जाहीन ठरते आणि जो पाचही वेळा दंड भरून सुटतो, त्याच्या सहाव्या बॅचविषयी काय अपेक्षा ठेवायची? पत्रकार कक्षातून ते अधिवेशन पाहताना या कलमाकडे आमच्यापैकीही फारच थोड्यांचे लक्ष होते, ही कबुली येथे दिली पाहिजे.

दुसरी गोष्ट मुदतवाढीची. गाम्बिया प्रकरणानंतर केंद्राने कारखान्यांच्या उत्पादन-पद्धतीचे नियम, म्हणजे ‘शेड्यूल एम’, डिसेंबर २०२३ मध्ये सुधारले. अडीचशे कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना सहा महिने आणि लहान-मध्यम उद्योगांना वर्षाची मुदत दिली. लहान उत्पादकांच्या संघटनांनी खर्चाचा प्रश्न मांडला, आणि अर्ज करणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सवलत मिळाली. छिंदवाड्यातील मुले या सवलतीच्या काळात मेली. लहान उद्योग जगला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या जगण्याचा खर्च चार वर्षांच्या मुलाच्या मूत्रपिंडाने का भागवायचा, याचे उत्तर मुदतवाढीच्या अधिसूचनेत नसते.

औषध बाजारात येते ते डॉक्टरांच्या लेखणीतून. छिंदवाडा प्रकरणात सरकारी नोकरीत असूनही खाजगी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरला अटक झाली. हे सिरप लिहून देण्याबद्दल त्यांना दहा टक्के कमिशन मिळत होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. ते सिद्ध व्हायचे आहे. मात्र या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का आधीच बसला आहे, तोही चेन्नईच्याच एका प्रकरणात. ‘झिंकोविट’ बनवणाऱ्या अपेक्स लॅबोरेटरीजने डॉक्टरांना सोन्याची नाणी, एलसीडी टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप दिले आणि तो सुमारे पावणेपाच कोटींचा खर्च व्यवसायखर्च म्हणून प्राप्तिकरातून वजा मागितला. न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या पीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मागणी फेटाळली. डॉक्टरला जे घेण्यास बंदी आहे, ते देणाऱ्याला करसवलत कशी मिळेल, हा निकालाचा गाभा. प्राप्तिकर खात्यातील आमच्या मराठी मित्रांना या निकालाचा रास्त अभिमान वाटतो. परंतु निकालाने बंद झाली ती वजावट, भेट नव्हे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने औषध-विपणनाची नवी आचारसंहिता काढली. तिच्या भंगाची तक्रार ऐकायची ती औषध कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांनी. त्याच महिन्यात जाहीर झालेल्या निवडणूक रोख्यांच्या यादीत अनेक औषध कंपन्यांची नावे झळकली. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कोणी सिद्ध केलेला नाही, आणि सभागृहात कोणी नेटाने विचारलेलाही नाही.

तमिळनाडूत या दुखण्याचे दोन्ही चेहरे एकाच शहरात पाहायला मिळतात. सरकार स्वतः गिऱ्हाईक असते तेव्हा ते दर बॅच तपासते, कारण पैसा त्याचा असतो आणि औषध नापास निघाले तर जाब त्याला द्यावा लागतो. गिऱ्हाईक परासियाची आई असते, तेव्हा तीच तपासणी कागदावरचे उद्दिष्ट होऊन बसते. महामंडळाच्या गोदामात नाव झाकून जाणारा नमुना खाजगी बाजारातूनही तितक्याच शिस्तीने का उचलला जाऊ नये? प्रयोगशाळा आहेत, पद्धत माहीत आहे आणि ती राबवणारे अधिकारी याच राज्यात घडले आहेत. महाराष्ट्रात तर हा प्रश्न दुहेरी आहे. कारण आपली सरकारी खरेदी अजून रुळावर यायची आहे आणि खाजगी बाजारावरचा पहारा निरीक्षकांच्या रिक्त जागांमध्ये हरवला आहे.

निघण्याच्या दिवशी यजमानांच्या नातीला खोकला झाला होता. सुनेने आणलेली सिरपची बाटली त्यांनी खिडकीशी नेली आणि भिंग लावून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचू लागले. बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता. सारे होते. ‘‘आणि या पत्त्यावर शेवटचा इन्स्पेक्टर कधी गेला होता,’’ त्यांनी बाटली फिरवत विचारले, ‘‘ते कुठल्या बाजूला छापतात?’’