शुक्राचे मेघावरण आणि त्याच्या पृष्ठावरील नावे

‘मेघ’ हा संस्कृत शब्द ‘मिह्’, म्हणजे सिंचन करणे, या धातूपासून सिद्ध झालेला आहे. ढग म्हटला की पाणी आलेच, हे गृहीत शब्दाच्या पोटातच असते. शुक्रग्रहाच्या अभ्यासात या गृहीताने भल्याभल्यांना चकविले. दुर्बिणीतून अखंड ढग दिसत; तेव्हा खाली दलदल असली पाहिजे, असे अनुमान स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांनी १९१८ मध्ये मांडले. पुढे १९५६ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत शुक्राकडून येणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या गेल्या, तेव्हा तेथील तपमान सुमारे ३०० अंश सेल्सिअस निघाले आणि दलदलीची कल्पना टिकेनाशी झाली. ते ढग पाण्याचे नसून तीव्र गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांचे आहेत, हे १९७० नंतरच्या काही वर्षांत उलगडले. त्यांतून पडणारा पाऊस वाटेतच वाफ होऊन नाहीसा होतो. जमिनीपर्यंत तो कधीच पोचत नाही.

आकारमानाने शुक्र पृथ्वीच्या फार निकटचा आहे. त्याचा व्यास १२,१०४ किलोमीटर असून वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ टक्के आहे. स्वतःभोवती तो उलट दिशेने फिरतो आणि एका फेरीस २४३ दिवस घेतो. सूर्यप्रदक्षिणा मात्र २२५ दिवसांतच पुरी होते. उलटपक्षी त्याचे वरचे ढग अवघ्या चार दिवसांत ग्रहाला वळसा घालतात.

वातावरणात ९६.५ टक्के कार्बन डायॉक्साइड व ३.५ टक्के नत्रवायू आहे. पृष्ठावरील दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे ९२ पट, म्हणजे समुद्रात नऊशे मीटर खोलीवर असावा तितका आहे. (‘भूपृष्ठ’ हा शब्द येथे हेतुतः टाळला आहे, ‘भू’ ही आपली झाली.) अशा दाबाखाली व ४६४ अंश तपमानात कार्बन डायॉक्साइडला धड वायू म्हणता येत नाही, धड द्रवही म्हणता येत नाही. म्हणून माणसाच्या चालीपेक्षाही मंद वाऱ्याला तेथे ओढ्याच्या पाण्यासारखा जोर असतो. रशियाचे ‘व्हेनेरा १३’ हे यान १९८२ मध्ये त्या भट्टीत १२७ मिनिटे कार्य करीत राहिले, हेच आश्चर्य होय.

नवलाची गोष्ट अशी की, शुक्र सूर्याला अधिक जवळ असूनही पृथ्वीपेक्षा कमी सूर्यप्रकाश शोषतो. तीनचतुर्थांश प्रकाश ढगच परतवून लावतात. उष्णता साचते ती कार्बन डायॉक्साइडच्या दाट आवरणामुळे. तो वायू पृथ्वीपाशीही जवळपास तितकाच आहे, परंतु येथे तो बहुतांशी चुनखडकांत बद्ध झालेला आहे आणि ते बद्ध होण्यास पाणी लागते. शुक्रापाशी पाणी होते काय? १९७८ च्या ‘पायोनियर’ मोहिमेत तेथील जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या शंभरपटींहून अधिक आढळले. हलका हायड्रोजन अंतराळात निसटला, एवढे त्यावरून निश्चित होते. ते पाणी कधी समुद्ररूपाने साचले होते की आरंभापासून वाफच राहिले, यावर मात्र तीव्र मतभेद आहेत. २०२१ मधील एका संगणकीय प्रतिमानाने दुसरा पक्ष उचलून धरला. प्रस्तुत लेखकास हा प्रश्न मोकळा ठेवणेच योग्य वाटते.

ढगांखालचे रूप ‘मॅगेलन’ यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारने टिपले व नामकरणाला विस्तीर्ण क्षेत्र मिळाले. येथील नावे स्त्रियांची असावीत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. इश्तार या भूखंडावर ‘लक्ष्मी’ पठार पसरले असून, त्याच्या पूर्वेस मॅक्सवेल पर्वत सुमारे अकरा किलोमीटर उंच उभा आहे. पुरुषाचे नाव तेवढेच, आणि तेही संकेत रूढ होण्यापूर्वीचे. वीस किलोमीटरहून मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची आडनावे देतात. त्यानुसार सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे एक विवर ‘जोशी’ या नावाने नोंदलेले आहे. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या व १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई त्या ह्याच. मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. जेरुशा झिराड यांचेही विवर तेथे आहे.

आपल्या परंपरेत शुक्र हा असुरांचा गुरू, अर्थात पुल्लिंगी. असे असता पहाटे आकाशात तो दिसला की मराठी माणूस ‘शुक्राची चांदणी उगवली’ असेच म्हणतो.