जुनी गाडी घेताय? आधी बॉनेट उघडा

दिवाळी जवळ आली की मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतंच, "चार-पाच लाखांत एक जुनी गाडी बघितली आहे, घेऊ का?" मी मेकॅनिक नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण इथे वडोदऱ्यात नातेवाइकांसाठी बऱ्याच गाड्यांखाली वाकलो आहे, त्यातून जे कळलं ते सांगतो.

दाराला ओरखडा, बदललेला बंपर याला घाबरू नका. आपल्याकडच्या पार्किंगमध्ये ते कुणाला चुकलंय? भीती वेगळीच आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा असाच बनवलेला असतो. तो धक्का पचवतो म्हणून आतली माणसं वाचतात. एकदा चुरगळलेलं आणि ठोकून सरळ केलेलं लोखंड दुसऱ्यांदा तसंच वागेल, याची खात्री नाही.

म्हणून रंगाची चमक सोडा आणि बॉनेट उघडा. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कंपनीत ते बसवल्यावर त्यांच्यावरही रंग चढतो. रंग उडालेला, पान्याच्या खुणा असलेला बोल्ट म्हणजे तो भाग कधीतरी काढला होता. मग आतली बाजू, जिला गॅरेजवाले एप्रन म्हणतात. स्पॉट वेल्डचे गोल ठिपके आणि सांध्यावरचं सीलंट डाव्या-उजव्या बाजूला सारखंच दिसायला हवं. एकीकडे ठिपके नीटस आणि दुसरीकडे बोटाने फासल्यासारखं सीलंट असेल, तर तिथे मोठं काम झालं आहे. डिकीत स्टेपनी काढून खालचा पत्राही असाच बघा. (२०२४च्या ऑगस्टमध्ये पुरात बुडालेल्या गाड्या हा वेगळा विषय, पण स्टेपनी काढलीच आहे तर चिखल-गंजही शोधा.)

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही तर जास्त संशय घ्या.

आता अलाइनमेंट. रिकाम्या, सपाट रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल सोडा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जाणं स्वाभाविक आहे. ठळक ओढत असेल तर नाही. मग टायरच्या दुकानात चारही चाकांचं अलाइनमेंट मशीनवर बघायला सांगा आणि दुरुस्तीच्या आधीच्या आकड्यांचा कागद मागा. काही शे रुपयांत याहून खरी साक्ष मिळत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा टो जुळवता येतो, पण कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, सहसा जुळवता येत नाही. तो एकाच बाजूला हद्दीबाहेर असेल, तर काहीतरी वाकलेलं आहे: खालचा आर्म, स्ट्रट किंवा खुद्द बॉडी. मागची चाकं तिरकी असतील तर गाडी खेकड्यासारखी चालते.

मावसभावासाठी बघितलेल्या एका हॅचबॅकच्या डाव्या फेंडरच्या बोल्टांवर खुणा होत्या. दलाल म्हणाला, "खाली फेंडर बदल्युं छे, साहेब!" मशीनवर टो हिरव्यात आला, डावा कॅम्बर मात्र काही केल्या लालच राहिला. आम्ही नमस्कार करून निघालो. पुढे त्याने घेतलेल्या गाडीचं मागचं दार रंगवलेलं आहे आणि तिचे आकडे सरळ आहेत. मला ही दुसरी गाडी केव्हाही चालेल.

कागदांत आधीची विमा पॉलिसी जरूर मागा. वर्षभर क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस २० टक्के मिळतो, पुढे वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर तो शून्य दिसला, तर विमा मध्ये खंडला होता की क्लेम झाला होता, ते विचारा. क्लेम झाला असेल तर बिल मागा, त्यात बदललेले भाग नावानिशी लिहिलेले असतात.

हे सगळं टोकन देण्याआधी करायचं. मशीनवर गाडी न्यायला विकणारा तयार नसेल, तर दुसरी बघा.