पाइप कुठं दगा देईल?

सकाळी ७.३०
धावपट्टीवरून सुखोई उठलं की आमच्या शेडचे पत्रे थरथरतात. ओझरला याची सवय आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १९६४ साली, मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स इथं आलं. त्यानंतर मिग-२७ झाली, सुखोई झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथं बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नं इथूनच झेप घेतली. आमचं वर्कशॉप अगदी छोटं आहे. हायड्रॉलिक लाइनचे पाइप कापायचे, वाकवायचे, टोकं फुलवायची, तपासून द्यायचे, एवढंच काम. आज एका नव्या पाइपाचा एफएमईए आहे. हा पाइप किती तऱ्हांनी बिघडू शकतो, बिघडला तर काय होईल, कशामुळं बिघडेल आणि तो आपल्या हातातून सुटण्याआधी आपल्याला कळेल का, हे सगळं पहिला नग बनण्याआधी लिहून काढायचं. अमेरिकी लष्करानं १९४९ मध्ये ही पद्धत कागदावर आणली. पुढं ती अपोलो मोहिमेत वापरली गेली, मग मोटारींच्या कारखान्यांत रुजली.

सकाळी ८.००
बैठकीआधी मी शॉपमध्ये एक फेरी मारते. नकाशावर पाइप म्हणजे एक रेघ असते. इथं तो कटरच्या चाकाखाली जातो, आतली-बाहेरची बर, म्हणजे कापताना कडेला उरलेला धातूचा खरबरीत कंगोरा, काढली जाते, बेंडिंगला जातो, मग त्यावर स्लीव्ह आणि नट सरकवतात आणि शेवटी टोक शंकूसारखं फुलवतात. याला आम्ही फ्लेअर म्हणतो. त्यानंतर धुणं, दाबाची चाचणी, दोन्ही टोकांना टोप्या. प्रत्येक टप्प्याशी उभं राहून मी एकच विचारते, इथं काय चुकतं? ऑफिसात बसून लिहिलेल्या तक्त्यात नट घालायचा राहून गेला हा बिघाड हमखास सापडतो. तो तर जागीच कळतो, टोक कापून पुन्हा करावं लागतं. पोटात लपून बसणारे बिघाड वेगळेच असतात.

सकाळी १०.००
टेबलाभोवती डिझाइन, क्वालिटी, मेंटेनन्स, स्टोअर्स, आणि माझ्या हट्टामुळं फ्लेअरिंगच्या बेंचवरचे काका. लाइन थांबेल म्हणून सुपरवायझर कुरकुरले. पण काकांशिवाय केलेला एफएमईए ऑडिटरला दाखवण्यापलीकडे कशाच्याही कामाचा नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिला प्रश्न असतो पाइपाचं काम काय. तेल न्यायचं, असं उत्तर आलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बिघाडही एकच निघाला असता, तेल जात नाही. पुन्हा विचारलं तेव्हा कामं सुटी झाली. दाबाखाली थेंबही न गळता न्यायचं, आत कचरा न ठेवता न्यायचं, शेजारच्या पाइपाला न घासता राहायचं, इंजिनाच्या कंपनात तडा न जाता टिकायचं. यातलं प्रत्येक काम उलटं केलं की एकेक बिघाड हाती येतो.

मग नेहमीची ओढाताण. एकानं बिघाड म्हणून ‘गळती’ लिहिली, दुसऱ्यानं ‘बर राहणे’. गळती हा परिणाम आहे आणि राहिलेली बर हे कारण. आमच्या टप्प्यावरचा बिघाड म्हणजे फ्लेअरच्या ओठाला गेलेली चीर. ही तीन नीट वेगळी मांडली नाहीत तर पुढचे सगळे आकडे चुकतात. यात तास गेला, पण तो मला वाया वाटत नाही.

दुपारी १२.००
आता आकडे. गांभीर्य, किती वेळा घडेल, आणि पकडलं जाण्याची शक्यता, प्रत्येकाला १ ते १०. पकडणं जितकं अवघड, तितका आकडा मोठा. चिरेचं गांभीर्य १० धरलं. लगेच कुणीतरी म्हणालं, ‘आपण दाबाची चाचणी करतो, मग ८ लिहूया.’ नाही. चाचणी कितीही केली तरी हवेत पाइप फुटल्यावर वैमानिकावर येणारं संकट कमी होत नाही. गांभीर्य उतरवायचं तर डिझाइन बदलावं लागतं, आणि ते आमच्या हातात नाही.

जुन्या रिवाजात तिन्ही आकड्यांचा गुणाकार करायचे आणि १०० च्या वर गेलेल्या ओळी हातात घ्यायचे. आमची चीर १० गुणिले २ गुणिले ४, म्हणजे ८०. पाइपावर खोडलेला भाग क्रमांक ४ गुणिले ६ गुणिले ५, म्हणजे १२०. या हिशेबानं आम्ही दिवसभर खोडलेल्या क्रमांकावर बोलत बसलो असतो आणि चीर तशीच पुढं गेली असती. मोटार उद्योगाच्या २०१९ च्या हस्तपुस्तिकेनं हा गुणाकार काढून टाकला आणि गांभीर्याला पहिला मान देणारा प्राधान्याचा तक्ता आणला, तो याच कारणानं. आम्हीही तो तक्ता घेतो.

दुपारी १.००
डबे. सध्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस, त्यामुळं निम्म्या गप्पा द्राक्षबागेच्या. बेंचवर एक पोरगा नवा आहे, हे मी डोक्यात टिपून ठेवते. माणूस बदलला की ‘किती वेळा’चा आकडा बदलतो.

दुपारी २.००
दिवसाचं खरं काम आता. ‘कसं पकडणार’ या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं, ऑपरेटर भिंगातून तपासतो. काका सकाळपासून गप्प होते. ते म्हणाले, ‘मॅडम, एक सांगू? भिंग आहे, पण दिवा मागून येतो. समोर माझीच सावली पडते. चीर आडव्या उजेडात दिसते.’

आम्ही सगळे बेंचपाशी गेलो. काकांनी टॉर्च आडवी धरली आणि नाकारलेल्या पेटीतला एक पाइप फिरवला. ओठावर केसाएवढी रेघ चमकली. टॉर्च वर उचलली, रेघ गायब.

‘आणि ही येते कुठून?’ मी विचारलं.

‘कटरचं चाक बोथट झालं की आत जाड बर येते. घाईत ती पुरती निघत नाही. फुलवताना तिथूनच फाटतं. चाक गेलंय हे हाताला कळतं, पण रजिस्टरात ते लिहायला जागाच नाही.’

दाबाच्या चाचणीवरही आमचा फार भरवसा होता. पण बारीक चीर काही मिनिटांच्या स्थिर दाबात टिकून राहू शकते आणि कंपनाखाली हळूहळू उघडत जाते. म्हणून त्या चाचणीला आम्ही दिलेले चांगले गुण काढून घेतले. पकडण्याचा आकडा ४ होता, तो ७ झाला. सुपरवायझरांचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं, कारण आता कागद शॉपशी जुळला.

दुपारी ४.००
उपाय लिहिताना ‘ऑपरेटरला प्रशिक्षण द्यावे’ हे वाक्य मी चालू देत नाही. त्यानं चाकाची धार परत येत नाही. ठरलं ते असं. किती कापांनंतर चाक बदलायचं हे चाचणी घेऊन ठरवायचं आणि कटरवर कापांचा मोजक बसवायचा. बर काढल्यावर, फुलवण्याआधी आतली कड तपासायची. बेंचवर आडवा दिवा. पहिल्या लॉटचे सगळे फ्लेअर डाय पेनिट्रंटनं बघायचे. लाल रंग चिरेत शिरतो आणि डेव्हलपर मारल्यावर वर उमटतो, तिथं सावलीचा प्रश्न येत नाही. प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव आणि तारीख. विभागाचं नाव लिहिलं की काम कुणाचंच राहत नाही.

संध्याकाळी ५.३०
कंट्रोल प्लॅनमध्ये नवे मुद्दे चढवले. नवा पोरगा आडव्या दिव्याची वायर ओढत होता आणि काका त्याला पाइप कसा फिरवायचा ते दाखवत होते. एफएमईएवर सही करणाऱ्यांत काकांचं नाव घातलं. पहिला लॉट उद्या कटरवर चढणार नाही, चाकाच्या चाचणीचा निकाल आल्यावर चढेल. डिस्पॅचला तसं कळवलं आहे.