गोड्या पाण्याच्या परिसंस्थांची पुनर्स्थापना : कुंडलिका नदीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना
नदीचे पुनरुज्जीवन म्हणजे तिला पूर्वस्थितीत नेणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि ही ‘पूर्वस्थिती’ कोणत्या काळातील मानावयाची, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील कुंडलिका नदीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रवाहातील बदल
सह्याद्रीत उगम पावणारी कुंडलिका कोलाड, रोहा या मार्गाने रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. कोकणातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडत असल्याने येथील आखूड नद्या उन्हाळ्यात क्षीण होतात. कुंडलिका मात्र यास अपवाद आहे. १९२७ मध्ये भिरा जलविद्युत केंद्र सुरू झाल्यापासून मुळशी धरणाचे, म्हणजेच मूळच्या कृष्णा खोऱ्यातील पाणी वीजनिर्मितीनंतर या नदीत येते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला, तेच हे धरण होय. डोलवहाल बंधाऱ्यावरील सिंचन आणि धाटाव औद्योगिक वसाहत यांची उन्हाळ्यातील भिस्त मुख्यतः याच पाण्यावर आहे.

परिणामी नदीचा प्रवाह ऋतूंपेक्षा विजेच्या मागणीनुसार चढतो-उतरतो. माशांचे प्रजनन व काठावरील वनस्पती यांना हा चढउतार प्रतिकूल ठरू शकतो. मात्र हे पाणी बंद झाल्यास प्रदूषके विरळ करणारा प्रवाहच नाहीसा होईल. मुळशीचे पाणी पुणे परिसरासाठी वळवावे, ही मागणी वेळोवेळी पुढे येत असल्याने हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

प्रदूषण, गाळ व खाडी
केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील असून त्यांत कुंडलिकेचाही समावेश होता. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे अत्यावश्यक आहेच. परंतु तेवढ्याने नदी तत्काळ सुधारत नाही. तळाच्या गाळात साठलेली द्रव्ये पुढे दीर्घकाळ पाण्यात मिसळत राहतात. सांडपाणी नदीऐवजी खाडीत सोडल्यास गोड्या पाण्यावरील भार कमी होतो, पण तो मच्छीमारांच्या माथी येतो. जिताडा खाऱ्या पाण्यात प्रजनन करतो व त्याची पिले वाढीसाठी गोड्या पाण्याकडे येतात. यावरून नदी व खाडी यांचा स्वतंत्रपणे विचार करता येत नाही, हे स्पष्ट होते.

समारोप
सारांश, १९२७ पूर्वीची कुंडलिका परत आणणे हे व्यवहार्य उद्दिष्ट नव्हे. प्रवाहाचे वेळापत्रक, गाळाची स्थिती आणि नदी-खाडीचा संबंध यांचा एकत्रित विचार करून कोणती नदी हवी, हे शेतकरी, मच्छीमार, उद्योग व वीजनिर्माते यांना मिळून ठरवावे लागेल. त्यासाठी सलग नोंदींची आवश्यकता आहे. विरघळलेला प्राणवायू, क्षारता व मत्स्यजाती यांची मासिक नोंद परिसरातील महाविद्यालयांचे विज्ञान विभाग अल्प खर्चात ठेवू शकतात. अशा नोंदींअभावी पुनर्स्थापनेचे यश वा अपयश मोजणे शक्य होणार नाही.