कॅन्सरची गोळी चालू असताना चक्कर येते? गोळी बंद करण्याआधी हे वाचा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो आणि रेडिएशन संपलं की घरच्यांना वाटतं, सुटलो. पण ज्यांचा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा असतो, त्यांचा लांबचा इलाज तिथून सुरू होतो. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोलची रोज एक गोळी, किमान ५ वर्षं, काहींना १० वर्षंही. याच काळात मधूनमधून चक्कर येऊ लागते आणि काही भगिनी कोणाला न सांगता गोळी सोडून देतात. धोका इथेच आहे. टॅमॉक्सिफेन ५ वर्षं नीट घेतल्यास अशा कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे.

आपण सगळ्यालाच "चक्कर" म्हणतो. डॉक्टरांना मात्र नेमकं काय होतं ते सांगायला हवं.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बीपी कमी होणं, रक्त कमी असणं, साखर उतरणं किंवा पाणी कमी पडणं ही कारणं आधी तपासतात. गोळीमुळे अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम येतो, झोप मोडते, त्यानेही डोकं हलकं होतं. गोळीचा थेट परिणाम म्हणूनही चक्कर येऊ शकते.

घर गरगर फिरतंय असं वाटत असेल, तेही कूस बदलताना, वर फळीवरचा डबा काढताना किंवा खाली वाकताना, आणि मिनिटभरात थांबत असेल, तर दोष बहुधा कानात असतो. आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक खडे असतात. ते जागेवरून सुटले की मेंदूला चुकीचा निरोप जातो. पन्नाशीनंतर बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. हाडं ठिसूळ असणाऱ्यांना आणि 'ड' जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांनाही तो जास्त होतो. लेट्रोझोलसारख्या गोळ्या हाडं विरळ करतात, म्हणून हाडांची आणि 'ड'ची तपासणी मागून घ्या. आपल्या बायकांना ऊन तसंही कमीच मिळतं. दक्षिण कोरियातल्या २०२० सालच्या एका अभ्यासात, 'ड' कमी असलेल्यांना ते कॅल्शियमसोबत दिल्यावर ही चक्कर परत येण्याचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने घटलं.

यावर इलाज सोपा आहे. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक दिशांनी वळवून खडे जागेवर आणतात. काही मिनिटांचं काम. व्हिडिओ बघून पहिल्यांदा घरी करू नका. मानेच्या हाडात कॅन्सर पसरलेला असेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. चक्कर थांबवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहणं मात्र बरं नाही.

सजद्यात जाताना चक्कर येत असेल तर बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे. वुजू स्टुलावर बसून करा. आजारात रोजा सोडून नंतर कजा करता येतो. रोजे ठेवायचेच असतील, तर या गोळ्या दिवसातून एकदाच असतात, इफ्तारनंतर घेता येतात. पण बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

चकरेसोबत तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, दम लागणं किंवा पायाला एका बाजूने सूज आली, तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. टॅमॉक्सिफेनमुळे क्वचित रक्ताची गाठ होते. डोकेदुखी रोज वाढत असेल आणि उलट्या होत असतील तरीही लगेच दाखवा.

शिरगाव-सोमाटण्याहून पिंपरी किंवा पुण्याला तपासणीला जायचं म्हणजे पूर्ण दिवस जातो. म्हणून जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: चक्कर कधी आली, काय करताना, किती वेळ टिकली. गावातल्या डॉक्टरांकडून झोपून आणि उभं राहून असं दोन्ही बीपी मोजून घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. झोपेच्या आणि हकीमाच्याही.