द्राक्षबाग कुणाची, नाव कुणाचे?

नागापूर (अहिल्यानगर), प्रतिनिधी : सुपरमार्केट आणि मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२२ मध्ये घेतला, तेव्हा त्याचे समर्थन द्राक्ष उत्पादकांच्या हिताच्या नावाने करण्यात आले होते. याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राज्यभर वादंग माजले आणि निर्णय अंमलबजावणीपूर्वीच रेंगाळला. मात्र ती सारी चर्चा 'वाइन म्हणजे दारू की नाही' या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. बाटलीच्या किमतीतील किती वाटा आणि व्यवसायातील किती जोखीम द्राक्ष पिकविणाऱ्याच्या पदरी येते, हा मूळ प्रश्न बाजूलाच पडला. त्याचे उत्तर शोधायचे, तर तांबड्या वाइनची परंपरा ज्या भूमीत रुजली, तेथील एखादी बाग समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

'शातो' म्हणजे काय?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस बोर्दो शहराच्या वर, जिरोंद खाडीच्या डाव्या तीराला मेडॉक हा प्रदेश आहे. तेथील 'शातो मार्गो' ही जगातील सर्वाधिक नावाजलेल्या बागांपैकी एक. 'शातो' या शब्दाचा अर्थ गढी किंवा वाडा. परंतु बोर्दोमध्ये तो वाडा, भोवतालची बाग, रस गाळण्याची जागा आणि तळघर या सगळ्यांसाठी मिळून वापरला जातो. मार्गोच्या तांबड्या द्राक्षांची लागवड सुमारे ८० हेक्टर, म्हणजे जवळपास २०० एकरांवर आहे. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र 'काबर्ने सोव्हिन्यॉ' या जातीचे असून उरलेल्यात प्रामुख्याने 'मेर्लो' आहे. जमीन गोट्यागोट्यांची, हलकी व पाण्याचा निचरा करणारी. आपल्याकडे जिला शेतकरी नाक मुरडील, तीच तेथे सोन्याच्या मोलाची ठरते. कारण अशा जमिनीत मुळे खोल जातात आणि वेल फाजील वाढत नाही.

मेडॉकमध्ये हेक्टरी दहा हजारांपर्यंत, म्हणजे एकरी सुमारे चार हजार वेली लावतात. आपल्याकडील खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत एकरी आठशे ते हजार वेली असतात. वेली अधिक असूनही तेथे उत्पन्न मुद्दाम कमी ठेवले जाते. हेक्टरी किती उत्पादन घ्यावे, याची मर्यादा कायद्यानेच ठरवून दिलेली आहे. १९३५ पासून फ्रान्समध्ये गावाच्या नावाने वाइन विकण्यावर सरकारी नियमन आले. कोणत्या शिवारातील, कोणत्या जातीची, किती उत्पन्नाची द्राक्षे असली म्हणजे ते नाव बाटलीवर लावता येईल, हे त्यातून निश्चित झाले.

तांबड्या वाइनचा रंग रसात नसून सालीत असतो. म्हणून काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवला जातो. त्यानंतर ती वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत दीड ते दोन वर्षे मुरते. एका पिंपातून सुमारे ३०० बाटल्या भरतात. तयार मालापैकी निम्म्याहून कमी मालालाच 'शातो मार्गो' हे मुख्य नाव मिळते. उरलेला दुय्यम नावाने विकला जातो. पिकापासून बाटलीपर्यंतचे सर्व टप्पे एकाच मालकीखाली असल्याने नावाचा लाभ बागेकडेच परत येतो.

झोपणारी वेल, न झोपणारी वेल

बोर्दोमध्ये हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, वेल सुप्तावस्थेत जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. दख्खनच्या पठारावर वेल अशी झोपत नाही. म्हणून येथील बागायतदाराने दोन छाटण्यांची पद्धत बसवली : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. अवकाळी पावसाने भुरी आणि केवडा पडला, तर हंगाम हातचा जातो.

तरीही दोन्हीकडच्या बागांचे एक नाते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'फायलोक्सेरा' या मुळे खाणाऱ्या सूक्ष्म किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. अखेरीस या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकी रानवेलींच्या खुंटावर फ्रेंच जातींचे कलम बांधण्याचा उपाय सापडला. या कामात टेक्ससमधील वनस्पतितज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्रातील बागायतदार पाणीटंचाई आणि क्षारांवर मात करण्यासाठी ज्या 'डॉगरिज' खुंटावर कलम बांधतात, तोही मन्सन यांनीच टेक्ससमधून निवडलेला आहे.

एकच गिऱ्हाईक

महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. नागापूर औद्योगिक वसाहतीवरून जाणारा मनमाड रस्ता धरून येवल्याला पोहोचावे आणि पश्चिमेला वळावे, की विंचूर लागते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'सुला'सारख्या कंपन्यांनी नाशिकचे नाव देशभर नेले. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

परंतु येथील बहुतांश वाइनरी द्राक्षे स्वतः पिकवण्याऐवजी शेतकऱ्यांशी करार करून विकत घेतात. खरी अडचण येथेच सुरू होते. खाण्याच्या द्राक्षाला गिऱ्हाईक अनेक असतात. निर्यात फसली तर स्थानिक बाजार, तोही पडला तर बेदाणा. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. मणी लहान, साल जाड, आत बिया. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. वाइनरीने माल उचलला नाही, तर तो वेलीवरच वाळतो. उसाला निदान केंद्र सरकारने ठरवून दिलेला रास्त व किफायतशीर दर असतो. वाइनच्या द्राक्षाला असा वैधानिक दर नाही. शेतकऱ्याच्या हाती असतो तो केवळ करारनामा.

नारायणगाव आणि मार्गो

या जोखमीचा प्रत्यय राज्याने घेतलेला आहे. नगर-कल्याण रस्त्यावरील आळेफाट्यापासून जवळच असलेल्या नारायणगावला शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रसाह्याने वाइननिर्मिती सुरू केली आणि उद्योगाला नावही फ्रेंच वळणाचेच दिले : 'शातो इंडाज'. त्यांची 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन परदेशी बाजारात पोहोचली. पुढे कंपनीने परदेशांतही विस्तार केला. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मात्र ती कर्जाच्या ओझ्याखाली सापडली आणि अखेरीस न्यायालयाच्या आदेशाने ती गुंडाळण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्या काळात खरेदीदार आटले आणि नाशिक पट्ट्यातील अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या वेली उपटून टाकल्या.

संकट मार्गोवरही आले होते. १९७० च्या दशकात बोर्दोचा बाजार कोसळला तेव्हा तत्कालीन मालक जिनेस्ते कुटुंबाला ती मालमत्ता विकावी लागली. १९७७ मध्ये आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी ती घेतली. मालक बदलले, वेली आणि नाव जागेवर राहिले, कारण १८५५ च्या वर्गवारीत पहिल्या श्रेणीत गणले गेलेले ते नाव त्या बागेशी जोडलेले होते. नारायणगावला नाव कंपनीचे होते. कंपनी कोसळताच तिला द्राक्षे देणाऱ्या बागांना बाजारात ओळख उरली नाही.

सहकाराची वाट

अर्थात, दोनशे एकरांची बाग आणि तळघर बाळगणे सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 'फ्रातेल्ली'ने इटालियन भागीदारांच्या साह्याने स्वतःच्या बागांवर आधारलेली वाइनरी उभारली. पण तीही मोठ्या भांडवलाची गोष्ट आहे. फ्रान्समधील लहान उत्पादकांनी वेगळी वाट शोधली. दक्षिणेकडील मारोसाँ गावात १९०१ मध्ये उत्पादकांनी सहकारी तळघर स्थापन केले. १९०७ मध्ये भाव कोसळून त्या भागात मोठा उठाव झाल्यावर ही चळवळ पसरली. आजही फ्रेंच वाइनचा मोठा वाटा अशा सहकारी संस्थांतून येतो.

नगरच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. तोडलेला ऊसही ताबडतोब गाळावा लागतो आणि त्यालाही गिऱ्हाईक कारखानाच असतो. त्या परावलंबनातून सुटण्यासाठीच विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास प्रवरानगरला कारखाना शेतकऱ्यांच्याच मालकीचा केला. सहकारात पुढे शिरलेले दोष या जिल्ह्याला चांगलेच ठाऊक आहेत. त्यामुळे हा रामबाण उपाय आहे, असा दावा कोणी करणार नाही. पण गाळपाची मालकी पिकविणाऱ्याकडे असावी, हे तत्त्व त्याने चुकीचे ठरत नाही.

वाइन किराणा दुकानात विकावी की विकू नये, यावर मतभेद राहतीलच आणि व्यसनाच्या भीतीने होणारा विरोधही अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र ज्यांच्या नावाने हे धोरण पुढे केले जाते, त्या शेतकऱ्यांसाठी विक्रीची दुकाने वाढवणे पुरेसे नाही. किमान दर, कंपनी बुडाल्यास थकीत देण्यांची हमी आणि बाटलीवर शिवाराचे नाव, या तीन गोष्टींची तजवीज करारात वा कायद्यात झाल्याशिवाय वेल लावणाऱ्याची जोखीम कमी होणार नाही.