यंत्राचा खोडवा किती वर्षे ठेवावा?



ऊस विकास अधिकाऱ्याने ऊस सोडून संगणकावर का लिहावे, असे कोणी विचारील. पण आज आपल्या कितीतरी सभासदांच्या पोरांनी कृषी सेवा केंद्र, दूध संकलन, हार्डवेअर असे छोटे धंदे काढले आहेत आणि गल्ल्याशेजारी एक संगणक मांडला आहे. तो ऐन हंगामात बंद पडला म्हणजे काय होते, हे मी डोळ्यांनी पाहिले. म्हणून हा लेख.

मुरबाडला माझ्या भाच्याचे बी-बियाणे व खतांचे दुकान आहे. सारा मुलूख भाताचा. मृगाच्या तोंडावर पंधरा-वीस दिवसांत जो धंदा होईल तो खरा. अशाच एका जूनमध्ये मी माळशेज उतरून त्याच्याकडे गेलो, तर दुकानापुढे गर्दी आणि भाचा डोक्याला हात लावून बसलेला.

“मामा, संगणक गेला. सगळी उधारी त्यातच आहे हो!”

संगणक आठ वर्षांचा. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. पावसात वीज दोनदा आली-गेली आणि हार्ड डिस्क बसली. खताची विक्री पॉस यंत्रावर चालू राहिली, कारण ते वेगळे. पण बिले, साठा आणि उधारी संगणकात अडकली. कल्याणहून माणूस आणला, तरी काही निघाले नाही. करसल्लागाराकडे मार्चअखेरची प्रत होती, तेवढी वाचली. एप्रिल-मेची उधारी लोकांच्या शब्दावर वसूल करावी लागली. बहुतेकांनी प्रामाणिकपणे दिली. पण दोघा जुन्या गिऱ्हाइकांचा आकडा आणि याची आठवण जुळली नाही. बोलाचाली झाली, ती माणसे तुटली. पैसा पुन्हा येईल, तुटलेले माणूस सहजी येत नाही.

रात्री जेवताना मी विचारले, “आजोळचा ऊस पाहत वाढलास तू. आठव्या वर्षी खोडवा ठेवलेला पाहिलास का कधी?”

तो म्हणाला, “नाही मामा. पण यंत्र चालत होते ना!”

चूक इथेच आहे. जुना खोडवासुद्धा हिरवा दिसतोच, उतारा मात्र काट्यावर कळतो. म्हणून आपण लावण करतानाच ठरवतो की खोडवे किती घ्यायचे आणि बेणे केव्हा बदलायचे. यंत्रालाही हाच न्याय लावावा.

वारणेचा धडा

१९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी संगणकांचा मोठा प्रकल्प उभा राहिला. देशभर त्याचे नाव झाले. पुढे संशोधकांनी पाहिले, तेव्हा गावोगावच्या केंद्रांत संगणकाचे मुख्य काम उसाच्या नोंदी कारखान्याला कळवणे व तिकडची माहिती सभासदाला देणे हेच होते. यंत्रे सांभाळणे अवघड जात होते, विजेचाही त्रास होता. मग सात गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले, आणि ते जमले. २००७ साली हा अनुभव प्रसिद्ध झाला.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. यंत्राचा खर्च खरेदीच्या दिवशी संपत नाही. आणि जुने बदलताना आधी विचारावे, की हे काम नेमके काय आहे व त्याला एवढे यंत्र लागते का?

आराखडा कसा करावा

एक, वही घाला. प्रत्येक यंत्राची खरेदीची तारीख, किंमत, वॉरंटीची मुदत आणि त्यावर चालणारे काम लिहा.

दोन, वय ठरवा. गल्ल्यावरच्या संगणकाला पाच वर्षे आणि यूपीएसच्या बॅटरीला तीन वर्षे धरावीत. तिसऱ्या वर्षी यंत्र मंदावले तर एसएसडी व रॅम वाढवणे म्हणजे नांग्या भरणे. त्याने काम भागते. सातव्या वर्षी नांग्या भरण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअरचेही वय असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. स्वस्तात जुना संगणक घेताना हे आधी विचारा.

तीन, सगळे एकदम बदलू नका. नवा संगणक गल्ल्यावर ठेवा, तिथला जुना पत्रे-छपाईसाठी मागे सरकवा. एक अडला तर दुसरा हाताशी राहतो.

चार, पैसे आधी बाजूला काढा. उदाहरणादाखल, ४५,००० रुपयांचा संगणक पाच वर्षांसाठी धरला तर महिना ७५० रुपये. असे दोन, म्हणजे १,५००. प्रिंटर १५,००० चा, त्याचे २५०. बॅटरीचे १००. एकूण १,८५० रुपये दरमहा वेगळ्या खात्यात टाकावेत. मग ऐन वेळी हातउसने काढावे लागत नाही.

पाच, खरेदी हंगामात नको. नवे-जुने पंधरा दिवस जोडीने चालवा. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. पण त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. हिशेब ठेवून कर भरणाऱ्यांनी सप्टेंबरअखेर यंत्र सुरू करणे बरे. सल्लागाराला विचारून घ्यावे.

सहा, रोज प्रत काढा. एक प्रत दुकानात आणि एक दुकानाबाहेर ठेवा. महिन्यातून एकदा ती उघडून पाहा. न उघडलेली प्रत म्हणजे उगवण न तपासलेले बियाणे.

सात, जुने यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. आतील माहिती पुसून नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. त्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

भाच्याने आता वही घातली आहे. पहिल्या पानावर त्याने गल्ल्यावरच्या संगणकाची लावणीची तारीख लिहिली आहे आणि पुढे ‘मोडणी’ असे लिहून पाच वर्षांनंतरचा फेब्रुवारी टाकला आहे. दुकानात मंदीचा महिना तोच. आपणही आपल्या पोरांना ही वही घालायला लावा, एवढेच सांगणे.